भरतीची वेळ बघून निघा : शरदातले पाहुणे पक्षी आणि आपली वही

भाद्रपदात जांबोटीचा पाऊस अजून पुरता थांबलेला नसतो. कौलं गळत असतात, वाळत घातलेले कपडे वाळत नसतात. अशाच एखाद्या सकाळी ओढ्यावरच्या धुण्याच्या दगडावर एक सडपातळ पक्षी येऊन बसतो. पाठ राखाडी, पोटाकडं पिवळसर, आणि लांब शेपूट सारखी खाली-वर. माझी आजी त्याला बघून म्हणायची, "परीट आला बघ. आता पाऊस उतरतोय."

आजीला हा पक्षी कुठून येतो हे ठाऊक नव्हतं. मलाही कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. हा करडा परीट, म्हणजेच करडा धोबी, हिमालयात आणि त्याच्याही पलीकडं मध्य आशियात पिल्लं वाढवतो आणि पावसाच्या शेवटाला सह्याद्रीतल्या ओढ्यांवर उतरतो. संस्कृत साहित्यात परीट 'खंजन' या नावानं भेटतो. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खंजनाच्या दर्शनावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणजे शरदाच्या तोंडाशी हा पक्षी दिसणं ही दीड हजार वर्षांपूर्वीही नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. आजीची नोंदही त्याच जातीची.

लेखाचा विषय समुद्रकिनाऱ्यावरचे पक्षी, मग सुरुवात ओढ्यावरून कशाला? कारण आपलं गाव पाणलोटाच्या कण्यावर आहे. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेकडं जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. देगावच्या बाजूला उगवलेली म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाकडं चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं कांदळवन. रायबंदरहून फेरीबोटीनं तिथं जाता येतं. आपल्या जंगलातलं पाणी ज्या चिखलाला जाऊन मिळतं, त्याच चिखलात सैबेरियातून आलेले पक्षी चोच खुपसतात. चोर्ला घाट उतरला की समुद्र काही फार लांब नाही. तेव्हा हा विषय परक्यांचा नाही, आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाचा आहे.

ते कधी येतात आणि का?

'थंडीतले पाहुणे' असं आपण म्हणतो, पण किनाऱ्यावरचे पाणपक्षी थंडीची वाट बघत नाहीत. उत्तर ध्रुवाजवळचा उन्हाळा फार आखूड असतो. जूनमध्ये घरटं, जुलैमध्ये पिल्लं, की लगेच आवराआवर. त्यामुळं पहिले पक्षी आपल्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्येच दिसू लागतात. तेव्हा आपल्याकडं गणपतीची तयारी चाललेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संख्या वाढत जाते. कुरव म्हणजे समुद्रपक्ष्यांचे मोठे थवे त्यानंतर येतात.

पक्षी थंडीला भिऊन पळतो, ही समजूतही अर्धवट आहे. पिसांचं पांघरूण बऱ्यापैकी थंडी सोसतं. खरी अडचण पोटाची. जमीन गोठली की किडे मिळत नाहीत आणि चिखल गोठला की चोच आत जात नाही. पक्षी अन्नाच्या मागं निघतात.

आता यातली सगळ्यात नवलाची गोष्ट बघा. अनेक चिखलपक्ष्यांत मोठे पक्षी आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्लं काही आठवड्यांनी मागून येतात. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू, ज्यानं ही वाट कधी बघितलेली नाही आणि ज्याच्यासोबत आईबाप नाहीत, ते हजारो किलोमीटर येतं. सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर विटक्या, झिजलेल्या पिसांचे पक्षी दिसले तर ते मोठे. पिसांच्या कडा स्वच्छ, फिक्या, जणू नवा गणवेश घातल्यासारख्या दिसल्या तर ती पिल्लं.

वाट कशी सापडते?

सूर्य, रात्रीचे तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व या तिन्हींचा उपयोग पक्षी करतात, हे प्रयोगांनी दिसलेलं आहे. त्यातला एक प्रयोग वर्गात सांगण्यासारखा आहे. १९५० च्या दशकात पर्डेक नावाच्या डच अभ्यासकानं स्थलांतराच्या वाटेवरच्या हजारो मैना-जातीच्या पक्ष्यांना, म्हणजे स्टारलिंगना, नेदरलंड्समध्ये पकडलं, कडी घातली आणि स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडलं. जे अनुभवी होते त्यांनी दिशा बदलली आणि ते आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडं वळले. पिल्लांनी मात्र जुनीच दिशा धरली आणि ती फ्रान्स-स्पेनकडं भलतीकडंच जाऊन पोचली. याचा अर्थ दिशा आणि अंतर पिल्लाला जन्मतःच मिळतं, पण चूक दुरुस्त करायला अनुभव लागतो. (हे वाक्य फक्त पक्ष्यांना लागू आहे असं समजू नका.)

जन्मजात मिळालेली ही शिदोरी किती मोठी असते? २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघालेला बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक पक्षी ११ दिवस कुठंही न उतरता १३,५६० किलोमीटर उडत टास्मानियाला पोचला. पाठीवरच्या उपग्रह-यंत्रामुळं हे कळलं. त्याचं वय होतं सुमारे पाच महिने. हे पक्षी निघण्याआधी अंगात भरपूर चरबी साठवतात आणि वजन वाचवण्यासाठी त्यांच्या पोटातले पचनाचे अवयव आकसतात. म्हणजे आपण प्रवासाला निघताना डबा घेतो आणि चूल घरी ठेवतो, तसंच.

भरती-ओहोटीचं गणित

जंगलातले पक्षी बघायला पहाटे उठावं लागतं. किनाऱ्यावर घड्याळापेक्षा समुद्राचं ऐकावं लागतं. साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. कोकणात जुना हिशोब असा : तिथीला पाऊणनं गुणा, ती भरतीची साधारण वेळ. अष्टमी असेल तर सहा. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा. गोव्याकडं भरती थोडी आधी येते, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक बघावंच.

पूर्ण ओहोटीला पक्षी लांबवर चिखलात पांगलेले असतात, नुसते ठिपके. पूर्ण भरतीला त्यांचं ताट पाण्याखाली जातं, तेव्हा ते वाळूच्या उंचवट्यावर एकत्र उभे राहून विश्रांती घेतात. बघायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती पूर्ण व्हायला दोन-तीन तास असताना. पाणी चढत जातं तसे पक्षी आपोआप तुमच्याकडं सरकतात. तुम्ही फक्त एका जागी बसायचं.

कोण, कोणाचा?

पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात, वाळूच्या रंगाचे. नाव ओळखायची घाई करू नका. आधी जेवायची पद्धत बघा.

चिखल्या : डोकं गोल, डोळे मोठे, चोच आखूड. हा डोळ्यांनी शिकार शोधतो. चार पावलं पळतो, थबकतो, टोचतो. मोरजीच्या वाळूवर, शापोरा नदीच्या मुखाशी, लेसर सॅण्ड प्लव्हर या चिखल्याचे थवे दिसतात. त्यातले पुष्कळ तिबेट-लडाखच्या उंच पठारावरून आलेले असतात. ऑगस्टमध्ये काहींच्या छातीवर तांबूस पट्टा उरलेला असतो, पुढं तो मावळतो.

तुतवार आणि टिलवा : यांची चोच बारीक आणि लांबट, तिच्या टोकाला स्पर्शाची जाण असते. हे चिखल चाचपत चालतात. छोटा टिलवा ध्रुवाकडच्या ओसाड प्रदेशातून येतो. त्याचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच रुपयांची चार नाणी तळहातावर घ्या, तेवढंच.

कर्ल्यू : मोठा पक्षी, लांब चोच विळ्यासारखी खाली वळलेली. खोल बिळातले खेकडे आणि किडे त्याच्या वाट्याचे.

म्हणजे एकाच चिखलात आखूड चोचीचं वरचं, मध्यम चोचीचं मधलं आणि लांब चोचीचं खालचं. एका पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं.

साहित्य मंडळाच्या सभासदांनी नावांकडंही बघावं. धोबी, परीट, चिखल्या, तलवार बदक, भुवई बदक... ही नावं कुणी बंद खोलीत बसून पाडलेली नाहीत. ज्यांनी नावं ठेवली त्यांनी आधी नीट बघितलेलं आहे. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' लिहिताना असा शब्दांचा साठा गोळा केला. तुमच्या गावात एखाद्या पक्ष्याला वेगळं नाव असेल, तर ते आजी-आजोबांना विचारून आजच लिहून ठेवा. शब्दही निघून जातात, आणि ते दरवर्षी परत येत नाहीत.

आमची चूक

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे. एका सप्टेंबरात आम्ही वीसेकजण मोरजीला गेलो होतो. भरती पूर्ण झाली होती. वाळूच्या जिभेवर दोन-अडीचशे चिखल्यांचा थवा एका पायावर गप्प उभा होता. आमच्यातल्या कुणाला तरी वाटलं, थवा उडाला तर व्हिडिओ झकास येईल. आम्ही पळालो. मीही पळालो, उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही. थवा उडाला, एक वळण घेऊन पलीकडं बसला. आम्ही परत पळालो. तिसऱ्यांदा तो नदी ओलांडून दिसेनासा झाला.

शेजारी रापणीचं जाळं आवरत बसलेले एक म्हातारे काका होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तांकां रावूंक दी रे बाबा. पयसल्यान आयल्यांत तीं."

लांबून आलेत. हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, बसमध्ये त्यावर टिपणंही काढली होती. काकांनी कुठलंच पुस्तक उघडलं नव्हतं. भरतीच्या वेळी पक्ष्यांना खायला काही नसतं, म्हणून ते ताकद राखून उभे असतात. प्रत्येक उड्डाणाला साठवलेली चरबी जळते. एक उड्डाण सोसतं. पण आधी आम्ही, मग कुत्री, मग वाळूवर घातलेली गाडी, मग आणखी कुणाची सहल, असं दिवसभर झालं तर चार नाण्यांच्या वजनाच्या जिवाचा हिशोब कुठं जमायचा?

परतताना बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. आमच्यातली एक मुलगी त्या दिवशी नोंदी ठेवत होती. तिच्या वहीत ओळ होती : '९.४०, थवा उडाला. कारण : आम्ही.' आम्ही ती ओळ खोडायला सांगितली नाही. ती वही अजून आमच्याकडं आहे, आणि नव्या मुलांना आम्ही पहिलं पान म्हणून तेच दाखवतो.

माणसं बदलतात

याहून कितीतरी मोठी चूक दुरुस्त झाल्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. अमूर ससाणा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या बाजूनं निघून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडला थांबतो, नंतर भारत ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेला जातो. २०१२ साली दोयांग जलाशयापाशी त्यांची जाळी लावून प्रचंड शिकार झाली आणि ती बातमी जगभर गेली. पुढच्याच वर्षी ग्रामपरिषदा, चर्चमधली मंडळी, वनखातं आणि अभ्यासक एकत्र आले आणि शिकार थांबली. त्या २०१३ सालच्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रं बसवली, त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे जाळी लावणाऱ्या गावांपैकीच एका गावाचं नाव. ज्या गावात ससाणे मारले जात, त्या गावाचं नाव घेऊन एक ससाणा समुद्रापार गेला.

तुमच्यासाठी अभ्यास

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार हा जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो. तोपर्यंत एवढं करा :

१. घराजवळचा ओढा, तळं किंवा भातखाचर निवडा. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, अर्धा तास गप्प बसा. पहिला परीट कोणत्या तारखेला दिसला ते लिहा.

२. वहीत सहा रकाने आखा : तारीख-वेळ, जागा, हवामान, पक्षी किंवा त्याचं वर्णन, संख्या, काय करत होता. नाव आलं नाही तरी चालेल, खोटं नाव नको. खात्रीच्या नोंदी ई-बर्डवर घालता येतात.

३. किनाऱ्यावर गेलात तर भरतीची वेळ लिहूनच निघा. पक्ष्यानं खाणं थांबवून मान वर केली की तुमचं पाऊल जास्त झालं, असं समजा आणि मागं या.

४. पायात कडी असलेला मेलेला पक्षी सापडला तर कडीवरचा क्रमांक, तारीख आणि जागा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम करते. एका क्रमांकावरून अख्खा प्रवास कळू शकतो.

५. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, "पाऊस उतरला हे तुम्ही कशावरून ओळखायचा?" उत्तर त्यांच्याच बोलीत, एक शब्दही न बदलता उतरवून घ्या.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं मंडळाकडं आणून द्या, पुढच्या अंकात ती छापू. माझं पहिलं उत्तर वर दिलेलंच आहे. यंदाही ओढ्यावरचा दगड अजून रिकामा आहे. मी रोज सकाळी बघून येतो.