बाटलीतलं संत्रं

मनू, तू पाठवलेला त्या बाटलीचा फोटो मी मोठा करून वाचला. पुढे संत्र्याची रसरशीत फोड, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटक. रागावत नाहीये गं. लग्न तोंडावर आलंय, येणारी प्रत्येक आत्या-मावशी तुझ्या दंडाकडे बघून काहीतरी बोलून जातेय, मग गोळीकडे हात जाणारच. पण मागे काय लिहिलंय ते ऐक, मग ठरव.

ते संत्रं आपलं नागपुरी नाहीच. ‘सिट्रस ऑरँटियम’ म्हणजे कडू संत्रं, ज्याचं युरोपात मार्मलेड करतात. त्यात सिनेफ्रिन असतं, आणि ते ॲड्रेनलिनच्या भावकीतलं आहे. पूर्वी अमेरिकेत वजन उतरवायला एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्या धडाक्यात खपायच्या. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू अशा नोंदी येत गेल्या आणि २००४ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा गोळ्यांत एफेड्रा घालायला बंदी केली. मग अनेक कंपन्यांनी एफेड्रा काढून त्या जागी कडू संत्र्याचा अर्क घातला आणि डब्यावर ‘एफेड्रामुक्त’ असं छापलं. हुशारी बघ!

बरं, फायदा तरी केवढा? एका छोट्या प्रयोगात ५० मिलिग्रॅम सिनेफ्रिन घेतल्यावर बसल्याजागी सुमारे ६५ कॅलरी जास्त खर्च झाल्या. आपली एक पोळीसुद्धा त्याहून जास्त भरते. तुझ्या बाटलीत तर सोबत कॅफीनही आहे. दोन्ही मिळून छाती धडधडू शकते, रक्तदाब चढू शकतो. परवा म्हणत होतीस ना, रात्री झोप लागत नाही म्हणून? त्याला लग्नाची धास्ती म्हणून सोडून देऊ नकोस.

आता आईचं. ‘तिलाही रोज एक देते’ असं तू सहज बोलून गेलीस आणि मला धडकीच भरली. त्याच यादीत ग्रेपफ्रूटचा अर्क आहे. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून आलेलं फळ. कॅनडातले संशोधक रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तर रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि त्याला कारण होता तो रस. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्या आतड्यात काही औषधं मोडून काढणारं एक एन्झाइम असतं, ते या रसामुळे निकामी होतं. एका ग्लासाचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकू शकतो, त्यामुळे ‘गोळी सकाळी, रस संध्याकाळी’ ही पळवाट चालत नाही. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन आणि काही प्रमाणात आईची ॲटोर्वास्टॅटिनसुद्धा यात येते. औषध अंगात साठलं की स्नायू दुखतात, क्वचित त्यांना गंभीर इजाही होते. आई पाय दुखतात म्हणाली तर नुसतं तेल चोळत बसू नकोस. पपनसातही तसली द्रव्यं असतात, म्हणून गणपतीत तिने ते किती खावं हे डॉक्टरांना विचारलेलं बरं. साध्या गोड संत्र्याला मात्र ही अडचण नाही, तिला खुशाल सोलून दे.

तू म्हणशील, ताई, ग्रेपफ्रूटने वजन उतरतं असं संशोधन आहे. आहे ना. २००६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात लठ्ठ माणसांना १२ आठवडे जेवणाआधी अर्धं ग्रेपफ्रूट दिलं. सरासरी १.६ किलो उतरले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ०.३ किलो. जाहिरातवाले इथेच थांबतात. २०११च्या दुसऱ्या एका प्रयोगात मोजकं खाणाऱ्या लोकांना जेवणाआधी कुणाला ग्रेपफ्रूट, कुणाला त्याचा रस, तर कुणाला निव्वळ पाणी दिलं. तिन्ही गटांचं वजन सारखंच घटलं! मला तर हा प्रयोग भारी आवडतो. पाण्याला कुणी बाटलीभर पैसे मोजणार नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही, एवढंच.

सकाळचं लिंबू-मध-कोमट पाणी? आवडत असेल तर पी, पण चरबी ‘वितळवायला’ म्हणून नको. लिंबात कॅलरी नगण्य, पण मोठा चमचाभर मध म्हणजे ६० कॅलरी, आणि तू दोनदा घेतेस. शिवाय लिंबाच्या आंबटपणाने दातांचं वरचं कवच झिजतं, त्यामुळे प्यायल्यावर चूळ भर आणि लगेच दात घासू नकोस.

आणि संत्रं खायचंय ना, तर पांढऱ्या सालपटासकट फोडी चावून खा. रस काढलास की चोथा जातो, पोट भरत नाही आणि ग्लासात तीन-चार संत्री कधी गेली ते कळतही नाही.

तेव्हा आजपासून बाटली बंद. आईला उद्याच डॉक्टरांकडे ने, बाटली पिशवीत टाकून ने म्हणजे त्यांना नावं वाचता येतील. स्वतःचा रक्तदाबही तिथेच मोजून घे आणि मला आकडे कळव. ब्लाऊज शिवायला टाकशील तेव्हा टेलरला आतून दीड-दोन इंच मार्जिन सोडायला सांग, आत्यांचं मी बघते.