पदक राहून गेलं, गावाचं नावही चुकलं

प्रश्न : १९७१ साली मी मराठा लाइट इन्फंट्रीतून पूर्व आघाडीवर होतो. डिस्चार्ज बुकात फक्त संग्राम मेडलची नोंद आहे आणि गलोंड्याचं ‘गोंडल’ झालंय. काय करू?
– एक माजी सैनिक, गलोंडा

उत्तर : काका, संग्राम मेडल वेगळं, पूर्वी स्टार वेगळा. पूर्वेकडच्या लढाईत भाग घेतलेल्यांना तो मिळे. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने अर्ज करा. आर्मी नंबर, पलटण, तेव्हाची कंपनी लिहा. शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डर या तुमच्या सेवेच्या नोंदी पडताळायला सांगा. खरी मेख तिथेच असते. गावासाठी आधारची प्रत जोडा. मूळ डिस्चार्ज बुक मात्र हातचं सोडू नका! मेडलच्या कडेवर कोरलेला नंबरही भिंगाने ताडून बघा.