प्रिये ब्लाँ : हिवाळा सरताना घ्यायची काळजी

इटलीच्या आओस्ता खोऱ्यात, माँ ब्लाँ पर्वताच्या छायेत, मॉर्जे आणि ला साल या गावांनी प्रिये ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची जुनी द्राक्षजात जपली आहे. तिचा लेखी उल्लेख 1691 सालचा आहे. फळ लवकर पिकते, म्हणूनच 900 ते 1200 मीटर उंचीवरही ती साधते. इथल्या वेली खुंटावर कलम केलेल्या नाहीत. त्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. येत्या हंगामात त्यांना असे सांभाळावे.

छाटणी : महाराष्ट्रात बाग एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये दोनदा छाटतात. इथली वेल हिवाळाभर झोपते, त्यामुळे छाटणी एकदाच होते. गारठा साचणाऱ्या खोलगट भागातील छाटणी शेवटी करावी; उशिरा छाटलेली वेल उशिरा फुटते. गारठ्याने नुकसान झाले तर हाताशी असावी म्हणून एखादी काडी जास्तीची राखावी.

मांडव : इथला मांडव बुटका असतो, वाकूनच काम करावे लागते. दगडांत आणि जमिनीत दिवसा मुरलेली ऊब रात्री वेलीला मिळावी, हा त्यामागचा हेतू. बर्फाच्या भाराने वाकलेले खांब आणि ढासळलेले बांध डोळे फुटण्याआधी दुरुस्त करावेत.

गारठा : कोवळी फूट उणे 2 अंशांच्या आसपास करपते. धोका मेच्या मध्यापर्यंत असतो. गवत आखूड कापावे, जमीन ओलसर ठेवावी आणि थंड रात्रीच्या तोंडावर नांगरू नये. फूट करपली तरी लगेच कोयता लावू नका. शेजारचा दुय्यम डोळा फुटण्याची वाट पाहा.

केवडा रोग : फूट 10 सेंटिमीटर लांब, तापमान 10 अंश आणि एक-दोन दिवसांत 10 मिलिमीटर पाऊस, हे तिन्ही जुळले की पहिल्या लागणीचा धोका ओळखावा आणि बाग रोज पाहावी.

नवी लागवड : 19व्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या, बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटाचा आधार घ्यावा लागला. इथली मुळे वाचली. म्हणून बाहेरची रोपे किंवा माती आत आणू नये. रिकाम्या जागी शेजारच्या निरोगी वेलीची काडी दाबून नवी वेल करावी. दुसऱ्या बागेतून येताना बूट आणि अवजारे धुवावीत.

एका वर्षाचे पीक गारठ्याने गेले तर पुढच्या वर्षी भरून निघेल. मुळाला कीड लागली तर मात्र ही बाग पुन्हा अशी उभी राहणार नाही. म्हणून बूट धुण्याचे ते दोन क्षण कधीही टाळू नका.