झायनच्या दरीत कुत्र्याला न्यायचं, तर खर्च किती?

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्याला चालायला पायवाट एकच मोकळी आहे, ती म्हणजे पारूस. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, सोबतीला व्हर्जिन नदी, पायाखाली पक्की फरसबंद वाट. अभ्यागत केंद्रापासून कॅन्यन जंक्शनपर्यंत जाऊन परत आलं की साडेपाच-पावणेसहा किलोमीटर होतात आणि एकूण चढ जेमतेम १५ मीटर. बाबागाडी जाते, चाकांची खुर्ची जाते, सायकलीही जातात. चालायला इतकी सोपी वाट या दरीत दुसरी क्वचितच सापडेल. सावली मात्र फार थोडी, आणि खर्चाचा सगळा हिशेब त्या एका गोष्टीवर फिरतो.

आधी दाराशी द्यायचे पैसे. कुत्र्याचं तिकीट नाही, वाटेचंही वेगळं तिकीट नाही. खासगी गाडीला ३५ डॉलर पडतात आणि ते सात दिवस चालतात. चालत किंवा सायकलवर आत शिरलात तर माणशी २० डॉलर. वर्षभरात ग्रँड कॅन्यन आणि ब्राइसही करणार असाल तर अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीचा ८० डॉलरचा वार्षिक पास घ्या, तिसऱ्या उद्यानाच्या दारात तो वसूल होतो.

घरी भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हिशेब बदलतो. १ जानेवारी २०२६ पासून झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी यांच्यासह ११ उद्यानांत अमेरिकेबाहेरून आलेल्या, १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्तीचे द्यावे लागतात. वार्षिक पास असेल तर हा आकार लागत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी तो पास २५० डॉलरला आहे. दोघं जण आणि दोन उद्यानं, म्हणजे ४०० डॉलर नुसते जास्तीचे. तिथे पासच परवडतो. तुम्ही स्वतः इथले रहिवासी असाल तर सरकारी फोटो ओळखपत्र जवळ ठेवा. निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्या.

आता खरा खर्च. झायनची मुख्य दरी पाहायची तर साधारण मार्च ते नोव्हेंबर उद्यानाच्या फुकट बसनेच जावं लागतं आणि त्या बसमध्ये पाळीव कुत्रा चढू शकत नाही. शेजारच्या स्प्रिंगडेल गावातून प्रवेशद्वारापर्यंत येणाऱ्या बसमध्येही नाही. म्हणजे कुत्रा बरोबर असला की गाडी प्रवेशद्वाराजवळच लावावी लागते. आतलं वाहनतळ सुट्टीच्या दिवसांत सकाळी लवकर भरतं, मग गावातली सशुल्क जागा शोधायची. तिथे दर विभागवार आहेत, दाराच्या जितकं जवळ तितकं महाग. इतर लोक लांब, स्वस्तात गाडी लावून बसने येतात. ती सोय तुम्हाला नाही. यावर उपाय लवकर पोहोचण्याचाच आहे. लास वेगासहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं. पहाटे पाचला निघून अडीच-तीन तास गाडी चालवलीत तरी झायनमध्ये साडेआठ वाजून गेलेले असतात. कुत्रा बरोबर असेल तर आदल्या रात्रीच जवळ मुक्काम करा.

मुक्कामाचंही विचारून घ्या. कुत्र्याला खोलीत घेणारी हॉटेलं स्प्रिंगडेल आणि आसपासच्या गावांत आहेत, पण त्याचे वेगळे पैसे घेतात. २५ ते ७५ डॉलर धरून चाला. ते रात्रीमागे आहेत की संपूर्ण मुक्कामाचे, हे लेखी विचारा. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: कुत्र्याला खोलीत एकटं ठेवता येईल का? पुष्कळ ठिकाणी याचं उत्तर ‘नाही’ असतं. उद्यानातही त्याला झाडाला किंवा खांबाला बांधून सोडून जाण्यास नियमाने मनाई आहे. उन्हात उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही ठेवू नका, काच थोडी खाली केल्याने काही फरक पडत नाही.

मग घरातल्यांनी नॅरोज किंवा एमरल्ड पूल अशा दरीतल्या इतर वाटा पाहायच्या कशा? एक तर आळीपाळीने जा, किंवा दिवसभरासाठी कुत्र्याला सांभाळगृहात ठेवा. त्याचे अंदाजे ३० ते ५० डॉलर पडतात आणि जागा बरीच आधी धरावी लागते. रेबीजसह लसींचा दाखला मागतातच, खोकल्याची लसही बहुधा मागतात. त्या लसी ऐन वेळी टोचून काम होत नाही, म्हणून महिनाभर आधी आपल्या पशुवैद्याकडे जाऊन या. माझं मत विचाराल तर एक दिवस पारूस कुत्र्यासाठी ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याला सांभाळगृहात सोपवून बाकीची दरी पाहा. एकाच दिवसात दोन्ही उरकायला गेलात की उन्हाचा तास हमखास कुत्र्याच्या वाट्याला येतो.

उन्हाबद्दल सविस्तर सांगायला हवं. जुलैत दरीच्या तळाशी पारा ३८ अंशांवर सहज जातो आणि चाळिशी ओलांडतो. नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. फरसबंद वाट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. आपल्या पायात बूट असतात म्हणून ते कळत नाही. हाताची पालथी बाजू वाटेवर सात सेकंद टेकवून पाहा. हात टिकला नाही तर कुत्र्याचे तळवेही टिकणार नाहीत. चार पायांच्या बुटांचा बरा जोड ४० ते ९० डॉलरला येतो, पण ते घालून चालायची सवय घरी आठवडाभर आधीपासून करावी लागते. तळव्यांना लावायचं मेण १५-२० डॉलरला मिळतं. खरखरीतपणापासून ते थोडं जपतं, चटक्यापासून मात्र वाचवत नाही. काठाने गोखरूचे काटे असतात, आपल्याकडे माळावर पायात रुततात तेच. खिशात छोटा चिमटा असू द्या.

कुत्रा अंगभर घामेजून थंड होत नाही, धापा टाकून होतो. वाळवंटाच्या कोरड्या हवेत त्या धापांबरोबर त्याच्या अंगातलं पाणी भराभर उडतं. वीस किलोच्या कुत्र्यासाठी एवढ्याशा फेरीलाही निदान लिटरभर पाणी वेगळं घ्या. घडीच्या वाटीला ८-१० डॉलर पडतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या, म्हाताऱ्या किंवा लठ्ठ कुत्र्याला मे ते सप्टेंबर इथे आणूच नका, हे मी ठामपणे सांगतो. बाकीच्यांना त्या महिन्यांत फार तर सूर्य कड्यांवर यायच्या आत फिरवा.

‘नदी आहे ना, तिथे पिईल’ असं म्हणू नका. व्हर्जिन नदीच्या या फाट्यात विषारी सायनोबॅक्टेरिया आढळतात. जुलै २०२० मध्ये नदीत खेळलेलं एक पिल्लू दगावलं आणि तेव्हापासून उद्यान धोक्याच्या सूचना देत आलं आहे. तळाच्या दगडांवर चिकटलेले त्यांचे थर कुत्री चघळतात आणि विष फार झपाट्याने चढतं. गाळणीतून काढलेल्या पाण्यावरही भरवसा ठेवू नका. वाट नदीवरचे पूल ओलांडत जाते, तेव्हा ओढ घेणाऱ्या कुत्र्याला आवरायला पट्टा हातातच हवा. नियमही तोच आहे: पट्टा सहा फुटांपेक्षा, म्हणजे १.८ मीटरपेक्षा लांब नको. आपोआप लांब होणारा दोरीचा पट्टा घरीच ठेवा, छातीवर बसणारा हार्नेस आणि साधा पट्टा मिळून ४० ते ६० डॉलरमध्ये होतात. विष्ठा उचलायच्या पिशव्या घ्या, आणि भरलेली पिशवी परतताना घेऊ म्हणून वाटेच्या कडेला ठेवू नका.

पशुवैद्याचा खर्च कोणी धरत नाही, तो धरा. अवेळी नुसत्या तपासणीला १०० ते २५० डॉलर लागतात. उष्माघाताने कुत्र्याला भरती करावं लागलं तर बिल काही हजारांत जातं. पाळीव प्राण्यांचा विमा असेल तर निघण्याआधी त्याच्या अटी वाचा, कारण घेतल्यावर पहिले काही दिवस तो लागू नसतो. जवळचं मोठं शहर सेंट जॉर्ज, सुमारे ६५ किलोमीटरवर. तिथल्या प्राणी रुग्णालयाचा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांडणारी दिसली की सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मगच गाडी काढा. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते.

नाताळचा आठवडा सोडला तर डिसेंबर-जानेवारीत बस बहुधा बंद असते आणि स्वतःच्या गाडीने दरीत आतपर्यंत जाता येतं. कुत्रा गाडीत बसून कडे पाहतो, झायन लॉजच्या आवारात पट्ट्यासह पाय मोकळे करतो आणि पारूसवर भर दुपारीही आरामात चालतो. त्या दिवसांत बुटांचा आणि सांभाळगृहाचा खर्च वाचतो, हॉटेलंही उन्हाळ्यापेक्षा स्वस्त मिळतात. फक्त सकाळी पुलांवर बर्फ साचलेला असू शकतो, तेव्हा दहाच्या पुढे निघा.