उंबरठ्यापासून लिंटेलपर्यंत

इमारतीत दाराला जागा किती लागते? जेमतेम तीन-साडेतीन फूट. पण शब्दांची सगळ्यात जास्त गर्दी तिथेच आहे! दार, दरवाजा, कवाड, वेस, दिंडी, देवडी, चौकट, उंबरठा... कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला सिल आणि लिंटेल आधी भेटले, हे शब्द नंतर. पण ते उलगडून पाहिले तर प्रत्येकात थोडं बांधकामशास्त्र सापडतं.

'दार' आलं संस्कृत 'द्वार' वरून. फारसी 'दर' आणि इंग्रजी 'डोअर' हे त्याचेच लांबचे भाऊबंद. 'कवाड' म्हणजे 'कपाट', आणि आतून लावायची 'आगळ' म्हणजे 'अर्गला'. 'दरवाजा' मात्र थेट फारसीतून आला. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर दुसऱ्या दरवाजापाशी आदिलशाही काळातला फारसी शिलालेख आहे. १६७३ मध्ये हा परळीचा किल्ला शिवाजी महाराजांकडे आला, १६७६ मध्ये समर्थ रामदास तिथे राहायला आले, आणि आज त्या दरवाजाला आपण 'समर्थ द्वार' म्हणतो. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी लोकांच्या तोंडून 'दरवाजा' काही गेला नाही. सांगली जिल्ह्यात जतकडे गेलात तर कानडी बोलणाऱ्या घरात त्यालाच 'बागिलु' म्हणतात.

काही शब्द संरक्षणातून आले. गावाच्या प्रवेशाची ती 'वेस'. म्हणूनच घरातली भानगड गावभर करणं म्हणजे ती 'वेशीवर टांगणं'. मोठ्या दरवाजातलं छोटं दार ती 'दिंडी'. तिच्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येणार. म्हणजे आधी डोकं आत! आतल्या बाजूला पहारेकऱ्यांची बसायची जागा ती 'देवडी'.

पण मला सगळ्यात आवडली ती 'चौकट'. तिचं मूळ 'चतुष्काष्ठ', म्हणजे चार लाकडं. दोन उभी, दोन आडवी. खालचं आडवं लाकूड तो उंबरठा, किंवा नुसताच उंबरा. हा शब्द 'उदुंबर' वरून, म्हणजे आपल्या उंबराच्या झाडावरून आला. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या 'बृहत्संहिते'त दाराच्या उभ्या लाकडांना 'शाखा' म्हटलंय आणि आडव्यांना 'उदुंबर'. म्हणजे दारात अख्खं झाडच उभं आहे! तिथे मापंही दिली आहेत: दाराची उंची जितके हात, तितके अंगुळे शाखेची जाडी, आणि उदुंबराची त्याच्या दीडपट. चार हात उंच दार असेल तर शाखा चार अंगुळे, उदुंबर सहा. वरच्या आडव्या लाकडावर वाकण्याचा ताण येतो हे आपण बीमच्या धड्यात शिकतो. तिथे जाडी वाढवायची हे तेव्हाही ठाऊक होतं. त्याच वरच्या लाकडावर गणपती कोरला की ती झाली 'गणेशपट्टी'.

आता आजची साइट बघा. होल्डफास्टने चौकट भिंतीत पक्की धरली जाते, त्यामुळे दोन्ही खांब जागेवर ठेवायला खालच्या लाकडाची गरज उरली नाही. फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना तर बहुतेक वेळा तीनच लाकडं असतात. केर काढायला सोपं, व्हीलचेअरही सहज जाते. बदल चांगलाच आहे. फक्त चौकट आता चौकट राहिली नाही, 'तिकट' झाली!

वस्तू गेली की तिचं नाव फार दिवस टिकत नाही. आणि नाव गेलं, की ती वस्तू तशी का बनवली होती हेही कुणी विचारत नाही. मित्रांनो, वाई, सातारा, मिरजेतले जुने वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. पुढच्या वेळी एखाद्या वाड्याचं मोजमाप घ्यायला गेलात तर टेपबरोबर एक वहीही न्या. जुन्या सुताराला प्रत्येक लाकडाचं नाव विचारा आणि आपल्या ड्रॉइंगवर ते मराठीतच लिहा. सबमिशनचे मार्क वाढणार नाहीत कदाचित, पण पुढे कुणाला तो वाडा दुरुस्त करायचा झाला, तर कुठलं लाकूड कशासाठी होतं हे त्याला त्या नावांवरूनच कळेल.