संभाषणवर्गात कांद्याची बातमी

प्रश्न : नाशिकमधील इंग्रजी संभाषणवर्गात चर्चेसाठी ताजी बातमी कशी वापरावी?

उत्तर : बातमी निवडताना तिची भाषा किती सोपी आहे यापेक्षा विषय वर्गाच्या किती जवळचा आहे, हे आधी पाहावे. नाशिक जिल्ह्यात कांद्याची बातमी कधी शिळी होत नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा खुली केली. लासलगावचा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. गाडे अडते ते शब्दांपाशी. म्हणून बातमीतले सहा-सात शब्द आधी फळ्यावर यावेत. ‘ड्यूटी’ म्हणजे फक्त कामाची पाळी असे समजणारा विद्यार्थी ‘एक्स्पोर्ट ड्यूटी’पाशी हमखास अडखळतो. ‘बॅन’पुढे ‘ऑन’ येते, हेही तिथेच दाखवावे.

दीडशे-दोनशे शब्दांचा उतारा मनातल्या मनात वाचायला पाच मिनिटे पुरतात. एकेकाला उभे करून मोठ्याने वाचायला लावले, तर तास वाचनातच सरतो. वाचन झाल्यावर जोड्या पाडाव्यात : एक निफाडचा शेतकरी, दुसरा मुंबईतला ग्राहक. ‘भाव पडले का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर येते. ‘सरकारने काय करायला हवे होते?’ असे विचारले, की ‘शुड हॅव’ची रचना विद्यार्थ्याला वापरावीच लागते. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये. चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटच्या दहा मिनिटांत, नाव न घेता, सर्वांसमोर दुरुस्त कराव्यात.