भिंतीला पोपडे कधी आले?

आत्याच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं, हा प्रश्न मी माझ्या मते झकास सोडवला होता. वाईच्या वाड्यात सोप्यावर बसून ती सुपात तांदूळ निवडतेय, मागे चौकात रणरणतं ऊन. आतला काळोख आणि बाहेरचं ऊन एका फ्रेममध्ये मावेना, म्हणून ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने 3 फ्रेम घेतल्या आणि एचडीआरमध्ये जोडल्या. इथपर्यंत काही चुकलं नव्हतं.

मग रात्री एकपर्यंत बसलो. क्लॅरिटी 80, शॅडोज पूर्ण उघडलेल्या, वर तडे गेलेल्या भिंतीचं टेक्श्चर ओव्हरले करून पसरलेलं. 12 बाय 18 ची प्रिंट काढली, सागवानी फ्रेम केली.

आत्याने चष्मा चढवला. "अरे, मी एवढी काळवंडलेय?" मग बोट भिंतीवर गेलं. "आणि हे पोपडे कधी आले? दिवाळीत तर चुना मारलाय!" सगळे हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

नंतर नीट पाहिलं. क्लॅरिटी शेजारशेजारच्या छटांमधला फरक वाढवते. दगडाला, लाकडाला ते मानवतं. चेहऱ्यावर मात्र प्रत्येक सुरकुतीत काजळी भरते. तुळईच्या कडेने पांढरी प्रभावळ उमटली होती. प्रभावळ देवामागे शोभते, तुळईमागे नाही. आणि निवडणारा हात हलता असल्याने सुपावर बोटं मोजली तर सात!

फ्रेम जोडण्याची युक्ती नवी नाही. 1850 च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकाच कागदावर छापत असे. त्याचा जोड क्षितिजाच्या रेषेत लपायचा. माझा जोड ओरडत होता.

तेव्हा एवढं करा. चौकट, चौक, आकाश खुशाल एचडीआरचं घ्या. माणूस मात्र एकाच फ्रेममधला, मास्क करून ठेवा. स्लायडर आवडेल तिथपर्यंत न्या आणि मग निम्म्यावर आणा. रात्री एडिट केलेलं सकाळी बघितल्याशिवाय कोणाला पाठवू नका. डोळे तासाभरात भडकपणाला सरावतात. टेक्श्चर चेहऱ्यावरून पुसून टाका, आणि ते कशासाठी लावतोय हे सांगता येत नसेल तर लावूच नका. मोठ्या प्रिंटआधी 4 बाय 6 ची एक काढा. माझे फ्रेमचे पैसे वाचले असते.

आत्यासाठी दुसरी प्रिंट मधल्या एकाच फ्रेमची काढली. चौकातलं ऊन त्यात पांढरंफटक जळालंय. ती सोप्यात लागली आहे. पहिली माझ्या कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून.